कोणी पाठवले?

केसपेपरवर एक रकाना होता, ‘कोणी पाठवले’. टेबलामागच्या बाईने मला न विचारताच तिथे लिहिलं, ‘स्वतः’. त्या एका शब्दाचा राग अजून जात नाही. मी स्वतः आले नव्हते, मला गावच्या सुईणीने पाठवलं होतं.

देवरी तालुक्यात, चिचगडच्या बाजूला जंगलात आमचं गाव. थोरली 2001 साली घरीच झाली, आजीच्या हातावर. सुईणीला सगळं गाव आजीच म्हणायचं. आढ्याला दोर बांधलेला, मी उकिडवी, पाठीला सासूबाईंचे गुडघे. घरचं बाळंतपण किती सुखाचं, हे पुढे मी कितीजणींना सांगितलं! वार पडेना तेव्हा आजीचं तोंड कसं पांढरं पडलं होतं, ते मात्र सांगत नसे.

दुसरी खेप 2007 ची, ऐन रोवणीत. जवसाच्या तेलाचा आजीचा हात पोटावरून फिरता फिरता बरगडीखाली थांबला. माझाच हात धरून तिने तिथे ठेवला. टणक, गोल, दाबलं की हलणारं.

“डोकं वर हाये पोरी. पायाळू येल. हे माज्या हातचं काम नाही, दवाखान्यात जाय.”

सासूबाई म्हणाल्या, चोळून फिरव. तिने साफ नकार दिला. रात्री कळा सुरू झाल्या तर जीपसाठी तीच चिखलात धावली (108 ची गाडी यायला अजून सात वर्षं होती), आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवून सोबत आली.

पहिल्या दवाखान्याने पुढे पाठवलं. दुसऱ्यात सिस्टरने पोटावरचं तेल पाहिलं नि कडाडली, “कोणत्या दाईने हात लावला? तुमच्यामुळेच केसी बिघडतात!” आजी दारातच होती. “बाई, डोकं वर हाये,” एवढंच म्हणाली. तिला बाहेर काढलं. मी टेबलावर पडून तेच सांगत होते. माझ्या मांडीवर चापट बसली. तासाभराने डॉक्टर आले, पोटाला हात लावला आणि म्हणाले, डोकं वर आहे, सीझर. तो तास कोणाच्या खात्यात लिहायचा? आजी रात्रभर गेटजवळच्या पायरीवर होती, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन.

मुलगा जगला. चापट मारणाऱ्यांनीच जगवला, हेही खरं. जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये मला मिळाले. आजीला मी लुगडं दिलं, तिने घेतलं. कागदावर काय लिहिलं ते तिने विचारलं नाही, तिला वाचता येत नव्हतं.

शहरात हल्ली हौसेने सुईणीकडे बाळंत होतात म्हणे. खुशाल व्हा, तिथे ऑपरेशनची खोली हाकेवर असते. आमच्याकडे मध्ये नाला असतो. म्हणून आता थोरलीच्या बाळंतपणासाठी तिचं नाव मी दवाखान्यातच घातलं आहे. पण तिला एकटी आत सोडणार नाही. बाळंतिणीजवळ एक बाई थांबू द्यावी, असं केंद्र सरकारने 2016 मध्येच सांगितलं आहे. कोणी हटकलं तर हेच सांगा, आवाज न चढवता.

आणि तारीख पावसाळ्यातली असेल तर कळांची वाट पाहू नका. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे, तिथे आधीच जाऊन राहता येतं. आशाताईला आजच विचारा.