डॉलरचे आठ आणे

अमेरिकेत अर्ध्या डॉलरचं नाणं असतं, हे मला इथे येऊन दोन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. इथल्या लोकांच्याही हातात ते क्वचितच पडतं. व्हेंडिंग मशीन ते घेत नाही, आणि कॉफीचे पैसे म्हणून दिलंत तर काउंटरवरची मुलगी आधी नाण्याकडे आणि मग तुमच्याकडे बघते. आपल्याकडे आठ आण्यांचं झालं तेच. कायद्याने चालतं, प्रत्यक्षात कुणी घेत नाही.

पण हे नाणं नावडतं म्हणून गायब झालं नाही. फार आवडलं म्हणून झालं. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाली आणि १९६४ च्या मार्चमध्ये त्यांचा चेहरा असलेलं नाणं लोकांच्या हातात होतं. ९० टक्के चांदी. १९६४ सालाची चाळीस कोटींहून जास्त नाणी पाडली, तरी बाजारात दिसेनात. लोकांनी आठवण म्हणून घरात ठेवून दिली, आणि चांदीचा भाव चढला तशी मूठ आणखी घट्ट झाली. १९६५ पासून चांदी ४० टक्क्यांवर आली, १९७१ पासून चलनी नाण्यातून गेलीच. तोवर लोकांची सवय मोडली होती. २००२ ते २०२० या काळात तर टांकसाळीने हे नाणं चलनासाठी पाडलंच नाही, फक्त संग्राहकांना विकलं.

म्हणजे जुना माल अजून बँकांमधून फिरतोय. कुणा आजोबांची बरणी नातवंडं कधीतरी न बघताच बँकेत नेऊन ओततात. बँकेत सांगून ठेवलं की पेटी मागवून देतात: ५०० डॉलर, १००० नाणी, वीस-वीसचे पन्नास रोल. सव्वाअकरा किलोच्या आसपास वजन. घरी आणायची, एकेक नाणं बघायचं, हवं ते ठेवायचं, बाकीचं दुसऱ्या बँकेत भरायचं. दुसऱ्याच, कारण त्याच बँकेत भरलं तर पुढच्या पेटीत ओळखीचे चेहरे निघतात. या छंदात पैसे बुडत नाहीत, असं मी बायकोला पटवून देत होतो. "पेट्रोल धरलंस का त्यात?" एवढंच ती म्हणाली.

चांदी शोधायला डोकं लागत नाही. कडा बघायच्या. नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची पट्टी दिसते, ४० टक्केवाल्याची कड करडी असते, ९० टक्केवाल्याची एकसारखी पांढरी. मला नाद लागला तो व्हरायटींचा.

एखादं नाणं यंत्रात वाकडं बसलं आणि चुकीचं ठोकलं गेलं, तर ती त्या एका नाण्याची चूक. व्हरायटी ही त्याच्या मागची गोष्ट. नाणं ठोकायचा ठसा, म्हणजे डाय, स्वतःही एका मूळ ठशाखाली दाबून बनते. पूर्वी एका दाबात आकृती पुरती उतरत नसे, पुन्हा दाबावं लागे. दुसऱ्या वेळी ती केसभर फिरली की अक्षरं दुहेरी. मग ती डाय जितकी नाणी ठोकेल, सगळी तशीच. आमच्या भाषेत सांगायचं तर बग एका युजरच्या फोनमध्ये नाही, थेट बिल्डमध्ये आहे.

१९७४ सालचं डेन्व्हरचं नाणं यातलं प्रसिद्ध. त्या वर्षी तिथे सुमारे ७ कोटी ९० लाख पाडली गेली, त्यातल्या काहींवर 'वी ट्रस्ट' ही अक्षरं भिंगाखाली दुहेरी दिसतात. देवावरचा विश्वास दोनदा ठोकून बसवलेला. उलट १९८२ च्या फिलाडेल्फियाच्या काही नाण्यांवर काहीतरी नाहीसं आहे. डाय जास्त घासली गेल्यामुळे मागच्या बाजूची रचना करणाऱ्या फ्रँक गॅस्पारोंची 'एफजी' ही आद्याक्षरं पुसली गेली. कोडमधून कुणीतरी लेखकाचं नाव साफ करून टाकावं तसं. मला स्वतःला हे दुहेरीवाल्यांपेक्षा जास्त आवडतं. जे नाही ते शोधायचं असतं.

जानेवारीत आमची अख्खी टीम गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, त्यातली पाच मिनिटं आभार मानण्यात. एच-वन-बी वर असाल तर पुढचं गणित ठाऊक असेल: साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर बॅगा. बायकोचा व्हिसा माझ्याच व्हिसाला टांगलेला. आणि तिसऱ्या दिवशी बँकेतून फोन, तुमची पेटी आली आहे.

पाचशे डॉलर नाण्यांत अडकवायची ती वेळ होती का? मी परत करायला निघालो होतो. बायकोच म्हणाली, "आण. खर्च थोडेच होणारेत? साठाव्या दिवशी भर बँकेत."

तेव्हापासून रोज रात्री एक रोल. दिवसभर अर्ज, मुलाखती आणि कारण न देणारे नकार. रात्री वीस नाणी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. आईला व्हिडिओ कॉलवर टेबल दिसलं. "अरे, चिल्लर मोजायलाच एवढ्या लांब गेलास होय?" नोकरीचं तिला अजून सांगितलेलं नाही.

एकोणिसाव्या रोलमध्ये १९७४ चं डी अक्षराचं निघालं. यंत्राच्या धक्क्यानेही अक्षरं दुहेरी भासतात, पण ती चपटी, पायरीसारखी दिसतात आणि त्यांना किंमत नसते. ही गोलसर होती, टोकांना फाटलेली, दोन्ही थर उठलेले. बायकोला हाक मारली. तिने बराच वेळ भिंगातून बघितलं. "हो रे, दोनदा आहे. किती येतील?"

"भाडं नाही सुटणार."

गेल्या आठवड्यात साठवलेली चांदीची नाणी नाण्यांच्या दुकानात नेऊन विकली. चाळीस टक्केवाल्यात ४.६ ग्रॅम चांदी असते. दुकानदाराने साल न बघता सगळी एकदम काट्यावर टाकली. १९७४ चं दाखवल्यावर मात्र खुर्चीत सरसावून बसला, भाव बोलला, मग वाढवून बोलला. मी ते खिशात ठेवलं. चांदी पुन्हा मिळते. हे नाणं मी त्या महिन्यात स्वतः शोधलेली एकमेव गोष्ट होती, ज्यात मला कुणी नाही म्हटलं नव्हतं.

आज त्रेचाळीसावा दिवस. एका ठिकाणी तिसरी फेरी झाली आहे, शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणालेत. दहा रोल उरलेत आणि सतरा दिवस. बायको म्हणते, एक दिवसाआड उघड.