रे रोड ते ग्रँट रोड, व्हाया लोखंड

शनिवारी मुंबईत काय करता येतं? मॉल, मल्टिप्लेक्स, मरीन ड्राइव्ह... झालं, लिस्ट संपली! मग जरा हटके रूट सांगतो. रे रोडला उतरायचं आणि नागदेवी, गुलालवाडी करत लॅमिंग्टन रोडला पोचायचं. सोबत वही, मेजरिंग टेप आणि दणकट पिशवी. मी आणि माझ्या मित्राने याच रस्त्यावर आमचा सीएनसी राउटर जमवला.

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर तीन दिशांना फिरणारं कटर. लाकूड कापणारे छोटे राउटर रेडिमेड मिळतात. आम्हाला कापायचं होतं अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ. मित्राची नोकरी गेली होती. मोठे कारखाने ८-१० नगांच्या ऑर्डरी घेत नाहीत, त्या आपण घ्यायच्या, हा त्याचा प्लॅन. बजेट दीड लाख, तेही कंपनीने हिशेब चुकता करताना दिलेलं. म्हणजे मशीन चालणं मस्ट होतं, बॉस!

‘काटना क्या है?’

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना. जहाजतोडणीसाठी ओळखला गेलेला हा भाग. इथे पत्रे, गर्डर, पाइप यांचे ढीग. आम्ही चौकोनी पाइप मागितला, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न, ‘काटना क्या है?’ अ‍ॅल्युमिनियम म्हटल्यावर त्याने थेट जाड पाइपांकडे बोट दाखवलं.

त्याचं बरोबर होतं. धातू मऊ असला तरी कटरला उलटा धक्का देतो आणि मशीनचा सांगाडा वाकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण तेवढ्यानेही कटर थरथरतं, किंचाळतं, कापायचं सोडून घासायला लागतं. मग अ‍ॅल्युमिनियम तापून चिकटतं आणि कटर तुटतं. यावर उपाय मोठी मोटर नाही, ताठ सांगाडा.

फंडा सोपा आहे. आडव्या तुळईची लांबी निम्मी केली, की वाक आठव्या हिश्शावर येतो. तिची उंची दुप्पट केली तरी साधारण तेच. म्हणून आम्ही कापायची जागा ६०० बाय ४०० मिमीवरच थांबवली. वर-खाली चाल फक्त १०० मिमी. तुळईला १०० बाय १०० चा, ६ मिमी जाडीचा स्टील पाइप, वजन मीटरला साधारण १७ किलो. स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. थरथर जिरवायला पाइपच्या पोटात वाळू आणि इपॉक्सी. वेल्डिंगने लोखंड ओढलं जातं, म्हणून रेल बसायच्या जागा वेल्डिंगनंतर मिलिंग करून सपाट करून घेतल्या.

गल्ली बेअरिंगची, गल्ली पितळेची

मस्जिद स्टेशनजवळची नागदेवी स्ट्रीट म्हणजे हातगाड्यांमधून वाट काढत बघायचं हत्यारांचं प्रदर्शन. इथेही तोच प्रश्न, ‘काटना क्या है?’ फक्त दोन टोकांना धरलेला गोल रॉड मध्ये झुकतो, म्हणून पूर्ण लांबीवर बोल्टने आवळलेली २० मिमीची रेल आणि १६ मिमीचा, ५ मिमी पिचचा बॉल स्क्रू. शिवाय ०.०१ मिमी दाखवणारा जुना डायल इंडिकेटर. ही आमची सगळ्यात लाडकी खरेदी!

पुढे गुलालवाडी, किका स्ट्रीट. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, सगळं किलोवर. टिप घ्या: मऊ म्हणून शुद्ध अ‍ॅल्युमिनियम उचलू नका, ते च्युइंगमसारखं चिकटतं. ६०६१ मागा.

शेवटी लॅमिंग्टन रोड. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो. ५ मिमीच्या स्क्रूवर एक भाग म्हणजे जेमतेम ०.००३ मिमी! आणि सांगाडा? घरी ताणकाटा लावून १० किलोने ओढला, तर डायलवर वाक ०.०३ मिमी. दहापट! म्हणजे मोटरची हुशारी स्वस्तात मिळते, ताठपणा मात्र किलोच्या भावाने घ्यावा लागतो. आमचे निम्म्याहून जास्त पैसे स्टील, रेल आणि स्क्रूमध्ये गेले, ते याचसाठी.

एका धारेचं ६ मिमीचं कटर, मिनिटाला १८,००० फेरे, ९०० मिमीची चाल, एका वेळी अर्धा मिमी खोल. डोळ्यांवर गॉगल, हातात कटिंग ऑइलचा ब्रश. पहिली ऑर्डर १० ब्रॅकेटची होती. दहाही गेले, एकही परत आला नाही. आता फोनवर नवी ऑर्डर आली, की मित्राचाही पहिला प्रश्न असतो, ‘कापायचं काय आहे?’

कसं जाल? हार्बरने रे रोड. तिथून सीएसएमटीच्या गाडीने तिसरं स्टेशन मस्जिद. पुढे गुलालवाडी, सी. पी. टँक, लॅमिंग्टन रोड चालत. परतीला ग्रँट रोड स्टेशन. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारी सकाळीच निघा. पायात जाड तळाचे बूट हवेत.