घरामागचे तळे

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. आमच्या घरामागच्या वाडीतही एक लहानसे तळे आहे. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट. अब्बांनी ते स्वतः खणले होते. त्यांच्या निधनानंतर पाच वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही. पालापाचोळा पाण्यात कुजत राहिला, शेवाळ माजले.

एका उन्हाळ्यात मेलेले मासे वर तरंगू लागले. चाचा म्हणाले, "हे तळे नाही, डासांचे घर आहे. मुरूम टाकून बुजवून टाकू." अम्मी काही बोलली नाही. नुसती तळ्याकडे पाहत राहिली. मी चाचांकडे एका पावसाळ्याची मुदत मागितली.

औषध देण्याआधी दुखणे कळले पाहिजे. म्हणून फजरच्या नमाजनंतर मी रोज तळ्याकाठी बसू लागलो. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडत. ऊन चढले की खाली जात. पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र त्याही तो वापरतात. पाला कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. आमचे मासे श्वास कोंडून मरत होते.

मग मी हात पाण्यात बुडवून पाहिला. पाणी कोपरापर्यंत आल्यावर तळवा दिसेनासा झाला, तर पाणी ठीक समजतात. इथे मनगटापर्यंतच तळवा दिसेना. पाणी फार हिरवे झाले होते.

शेवटी जाळे टाकले. शंभरावर मासे आले, पण जवळजवळ सगळे बोटाएवढे आणि सगळे चिलापी! हा परदेशी मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. याची मादी अंडी तोंडात सांभाळते. त्यामुळे पिल्ले वाचतात आणि संख्या झपाट्याने वाढते. तळे लहान, अन्न थोडे, खाणारी तोंडे फार. म्हणून सगळेच खुरटले होते.

दुखणे समजले, आता उपाय. आम्ही पाला काढला, थोडा थोडा गाळ उपसला. सगळा गाळ एकदम ढवळला असता, तर उरलेले मासेही दगावले असते. विहिरीचे पाणी उंचावरून ओतले, म्हणजे त्यात हवा मिसळते. एका कोपऱ्यातील वनस्पती मात्र आसऱ्यासाठी ठेवल्या. पाणी आटले तेव्हा पुन्हा पुन्हा जाळे फिरवून चिलापी काढले. "ते नदीत सोडून द्या," असे शेजाऱ्यांनी सुचवले. मी ते मानले नाही. परका मासा नदीतील आपल्या माशांचे अन्न व जागा बळकावतो. थोडे मासे घरी शिजले, बाकीचे वाळवून कोंबड्यांना घातले.

पावसाच्या तोंडावर सव्वा किलो चुना टाकला आणि तळे भरल्यावर ५० बोटुकली सोडली. मत्स्यबोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले. त्यांत २० कटला, १५ रोहू आणि १५ मृगळ होते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. एका घरात राहूनही कोणी कोणाचा घास हिरावत नाही. शिवाय हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत; म्हणून संख्या आपल्या हातात राहते. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन बीज मिळवले. त्यांच्यामुळेच आज शेतकऱ्याला हे बीज सहज मिळते.

रोज सकाळी अम्मी भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड पाण्यात टाकू लागली. महिन्यातून एकदा मी जाळे टाकून चिलापी वेचत असे आणि चारदोन मासे तोलून पाहत असे. पावसाळा संपला, मुदत संपली. मासे पहाटे वर येईनासे झाले होते. चाचांनी मुरुमाचा विषय काढला नाही.

मे महिन्यात पाऊण किलोचा पहिला कटला निघाला. चाचांनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि मला विचारले, "यंदा बोटुकली केव्हा आणायची?"