एका पौर्णिमेची दोन नावे

आमच्या आजोळी चैत्री पौर्णिमेला दुहेरी अर्थ होता. जोतिबाच्या यात्रेला निघालेल्या सासनकाठ्या दारावरून जात, तेव्हा आजी उंबऱ्यात उभी राहून हलगी ऐकत असे. अंगावर उडालेला गुलाल ती झटकत नसे. त्याच पौर्णिमेनंतरच्या रविवारी पुष्कळदा आमचा ईस्टर येई. दोन्ही सणांचा हिशेब एकाच चंद्रावर चालतो, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आजीचे वडील, म्हणजे आमचे पणजोबा, पन्हाळा तालुक्यातील कोडोलीच्या परिसरातले. त्यांचे पहिले नाव जोतिबावरून ठेवलेले. चर्चच्या नोंदवहीत मात्र बाप्तिस्म्याचे, बायबलातले नाव तेवढे आढळते. जुने नाव फक्त आजीच्या तोंडी उरले होते.

या भागातील ख्रिस्ती मंडळींचा लिखित इतिहास रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यापासून सुरू होतो. ते १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने उभे आहे. १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढे जगभरच्या मिशनरी चळवळीत नावाजला गेला. त्याच मुलखात जन्मलेल्या आमच्या पणजोबांचे मूळ नाव गावच्या वहीतही नाही.

मराठी साहित्याने धर्मांतराची कथा प्रामुख्याने ऐकली ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तून. त्या ग्रंथाचे मोल वादातीत आहे. परंतु ती एका ब्राह्मण कुटुंबाची कथा होय. गावकुसाबाहेरून चर्चमध्ये आलेल्यांनी काय सोडले, काय मिळवले, हे अभ्यासक्रमात क्वचितच येते. ते सांगणाऱ्या आमच्या आजीसारख्या बायका लिहीत नव्हत्या.

पुढे थडग्याचा दगड बदलताना नावावरून घरात वाद झाला. आम्हांला जुने नावही कोरायला हवे होते. थोरले मामा म्हणाले, “त्या नावानं त्यांना कोण कशी हाक मारायचं, ते तुम्ही ऐकलं नाही. त्यांनी टाकलेलं नाव आपण का उचलायचं?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्याला आम्ही हरवलेला वारसा समजत होतो, ते त्यांनी जाणूनबुजून उतरवलेले ओझे असावे.

दगडावर एकच नाव आहे. दुसरे आम्ही येथेही लिहिलेले नाही. चैत्रात हलगी वाजली, की ते आजीच्या आवाजात ऐकू येते.