चाळीस फुटांची वाट

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या घरापासून रस्त्यापर्यंतची वाट ४० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. बैलगाडीच्या काळापासून ती मातीचीच राहिली. मोटार आली तेव्हाही दरवर्षी थोडा मुरूम टाकून आम्ही निभावून नेले. परंतु ब्याऐंशी वर्षांच्या आईच्या हाती वॉकर आला आणि वाट बांधून काढणे भाग पडले. वॉकरचे पाय पावसाळ्यात चिखलात रुतत, उन्हाळ्यात सुट्या खड्यांवर डगमगत. रविवारच्या मिस्सेला जाताना तिला दोघांनी धरून रस्त्यापर्यंत न्यावे लागे, आणि तिला ते मुळीच रुचत नसे.

परदेशी असलेल्या धाकट्या बंधूंनी खर्च उचलण्याची तयारी दाखविली, ती सलग काँक्रीटसाठी. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. नीट दाबलेल्या भरावावर पाच इंच काँक्रीट ओतले, दर दहा फुटांवर सांधा सोडला आणि आठ-दहा दिवस पाणी मारले, तर अनेक वर्षे त्याकडे पाहावे लागत नाही. वॉकरलाही त्याहून सुखाचा पृष्ठभाग नाही.

अडचण विहिरीची होती. ती वाटेपासून जेमतेम पंधरा फुटांवर आहे आणि तीन घरे तिचे पाणी वापरतात. समुद्रालगतच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते एक फूट उभे असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. हाच हिशेब उलट वाचला म्हणजे मनात धस्स होते. वरची पातळी फूटभर उतरली की खालचे खारे पाणी कितीतरी वर सरकू लागते. मे महिन्यात आमच्या विहिरीचे पाणी आताच मचूळ लागते. केळीची पाने कडेने करपतात. वसईत वर्षाकाठी दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढा पाऊस या ४०० चौरस फुटांवर सुमारे ७४ हजार लिटर भरतो. त्यातला सगळाच जमिनीत मुरतो असे नव्हे. पण काँक्रीटखाली काहीच मुरणार नाही. पूर्वजांनी बावखले खणली ती पाणी मुरावे म्हणून, आणि आपण मोटार धुण्याच्या सोयीसाठी अंगणे बंद करीत सुटलो आहोत. असो.

आणखी एक गोष्ट होती. डांबराच्या थरांवर थर चढून आमच्यापुढचा रस्ता अंगणापेक्षा उंच झाला आहे. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हा रस्त्याचे पाणी ओसरीच्या दुसऱ्या पायरीला लागले होते. गुळगुळीत वाट म्हणजे त्या पाण्याला घरात यायचे निमंत्रणच.

मग इतर पर्याय पाहिले. कोकणचा जांभा दिसायला देखणा, पण आमच्या झाडांच्या सावलीत त्यावर दोन पावसांत शेवाळ धरते. शहाबादी फरशी हा चुनखडीचाच प्रकार; खाली पोकळी राहिली तर चाकाखाली तडकते आणि झिजून गुळगुळीत झाली की निसरडी होते. नुसती खडी विहिरीला उत्तम, आईला अशक्य. राहिले पेव्हर ब्लॉक. त्यांच्याबाबत मात्र एक पक्के ध्यानात ठेवावे. पाणी ब्लॉकमधून नव्हे, दोन ब्लॉकच्या फटीतून जाते. म्हणून खाली काय आहे यावर सारे अवलंबून. आमच्या कंत्राटदाराला सवयीप्रमाणे खाली काँक्रीटचा थर घालायचा होता. तसे केल्यास फटी केवळ शोभेच्या उरतात.

अखेर वाट सलग न बांधता दोन पट्टे करायचे ठरले. चाकांसाठी उजवीकडे दोन फुटांचा पट्टा. डावीकडचा मात्र चार फुटांचा, कारण त्यावरून आई चालणार. मधले तीन फूट उघडे. नऊ इंच खणून खाली जाड खडी, वर बारीक खडी, त्यावर खरखरीत पाठीचे ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक. फटींतही दगडाची पूड न भरता बारीक खडीच. कडेला पक्की बांधणी, नाहीतर ब्लॉक हळूहळू पसरतात. रस्त्याच्या तोंडाशी जाळीची आडवी गटार करून ती वाडीकडे वळविली. मोटार उभी करायची जागा विहिरीपासून दूर नेली. इंजिनाचे तेल विहिरीच्या वाटेने जायला नको.

“दादा, पैसे पूर्ण वाटेचे आणि काम अर्धे?” असे बंधूंनी फोनवर विचारले. विहिरीत त्यांचाही वाटा आहे, एवढेच आम्ही सांगितले. फटींत गाळ साचतो, तो दोन-तीन वर्षांनी उकरून नवी खडी भरावी लागेल. हे काम आमच्याच माथी येणार, हेही त्यांनी बजावले.

आई आता एकटी फाटकापर्यंत जाते आणि तिच्या वॉकरची खटखट घरभर ऐकू येते. मधल्या पट्ट्यात काय लावावे हे ठरलेले नाही. तिला गवती चहा हवा आहे. मोटारीखाली तो टिकणार नाही, असे आम्ही म्हणतो. नातवाकडून तिने दोन ठोंब लावूनही घेतले आहेत.