दोघांची अर्धमॅरेथॉन

अर्धमॅरेथॉन ही २१.०९७५ किलोमीटर अंतराची रस्त्यावरची शर्यत होय. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, तिचा हा नेमका निम्मा भाग. पूर्ण शर्यतीचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने ते कायम केले. धावणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र ही शर्यत नुसती ‘एकवीस’ असते. ‘एकवीस करतोय का दहा?’ एवढाच प्रश्न असतो. उरलेले साडेसत्त्याण्णव मीटर बोलण्यात कुणी धरत नाही; शेवटच्या वळणावर ते आपोआप हिशेबात येतात.

मराठी मुलखाचा लांब पल्ल्याच्या शर्यतींशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून गेलेल्या छोट्या पथकात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉन धावले. चौगुले एकोणिसावे आले, दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. त्या वर्षीचा मार्ग आजच्या मापापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होता. पुढे १९८३ मध्ये पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, २००४ मध्ये मुंबईची आणि २०१२ मध्ये साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. हौशी धावपटूंची संख्या खरी वाढली ती मुंबईनंतर. छत्रपती संभाजीनगरात २०१६ पासून लोकमत महामॅरेथॉनच्या निमित्ताने एकवीस किलोमीटरची मोठी शर्यत होऊ लागली आणि गारखेड्यातले विभागीय क्रीडा संकुल थंडीतल्या एका रविवारी पहाटे चारपासूनच जागे होऊ लागले.

मराठवाड्याच्या दृष्टीने या अंतराचा सर्वांत मोठा दिवस २९ नोव्हेंबर २०२० हा होता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे याने त्या दिवशी दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत हे अंतर धावणारा तो पहिला भारतीय. हा वेग किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद पडतो. हौशी जोडी तेवढ्या वेळात आठ-साडेआठ किलोमीटरांवर असते आणि पाण्याच्या टेबलाची वाट पाहत असते.

हौशी धावपटू एकटा क्वचितच असतो. प्रस्तुत लेखक छत्रपती संभाजीनगरात धावू लागला तो शाळेपासूनच्या एका मित्रामुळे, आणि पहिली अर्धमॅरेथॉनही त्याच्याच सोबत धावला. सोबतीचे कारण प्रथम अगदी साधे असते. पहाटे पाचला सिडकोच्या गल्ल्यांत कुत्र्यांची टोळी एकट्याला जसा घेराव घालते तसा दोघांना घालत नाही. स्त्री धावपटूंच्या बाबतीत तर अंधारात सोबत असणे ही पहिली अट ठरते. दुसरे कारण गजराचे. एकट्याचा गजर बंद करता येतो. खाली फाटकापाशी कोणी उभे असेल तर उठावेच लागते.

याच्या पलीकडचे कारण मानसशास्त्रात नोंदलेले आहे. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकी संशोधकाने सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाविरुद्ध शर्यत करणाऱ्यांपेक्षा सोबतीने सायकल चालवणारे वेगवान असल्याचे त्याला दिसले. १९२० च्या दशकात ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधील नौकानयन करणाऱ्यांकडून वजने उचलून घेतली. जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकट्यापेक्षा जोडीत अधिक काळ टिकतो, असे त्यात आढळले. मात्र त्यात एक मेख आहे. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असला तरच हा परिणाम चांगला दिसतो. फरक फार मोठा असला तर कमकुवत माणूस प्रयत्नच सोडून देतो, आणि फरक नसला तर फायदाही फारसा उरत नाही. हवेचा अडथळा कमी होण्याचा जो लाभ मागे धावणाऱ्याला मिळतो असे सांगतात, तो अव्वल धावपटूंच्या वेगाला लागू पडतो. किलोमीटरला सात मिनिटे घेणाऱ्याने मित्राच्या पाठीमागे दडून काही हाती लागत नाही.

म्हणून जोडीने धावण्याचा मुख्य प्रश्न वेगाचा आहे, आणि तो शर्यतीआधी बोलून सोडवावा लागतो. लेखकाचा सहज वेग किलोमीटरला साडेसात मिनिटांचा, मित्राचा साडेसहाचा. अशा वेळी सरासरी काढून सात मिनिटे ठरवणे हा सोपा आणि फसवा मार्ग आहे. संथ धावणाऱ्याला त्यात दर किलोमीटरला अर्धे मिनिट जास्त वेगाने धावावे लागते. एकवीस किलोमीटरांत ती वाढ दहा मिनिटांवर जाते, आणि ती त्याच्या पायात नसते. जोडीचा वेग संथ माणसाच्या वेगापासून मोजायचा आणि सोबतीने जी थोडी उभारी येते तेवढाच त्याहून वाढवायचा, हाच हिशेब टिकतो. या जोडीने ७ मिनिटे २० सेकंद ठरवले, म्हणजे शेवटी सुमारे २ तास ३५ मिनिटे. बोलण्याची कसोटी सोबतीला होतीच: धावताना दोघांनाही पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. ज्याची वाक्ये तुटू लागतात त्याचा वेग जास्त झालेला असतो. एकट्या धावणाऱ्याला ही कसोटी घेता येत नाही, निदान लोकांसमोर तरी.

दुसरी ठरवायची गोष्ट बहुतेक जोड्या टाळतात: कुठपर्यंत एकत्र राहायचे. शेवटपर्यंत, असे म्हणणे मैत्रीला शोभते. पण चौदा-पंधरा किलोमीटरनंतर एकाचे पाय जड होतात आणि दुसऱ्याचे नाहीत, तेव्हा तेच शब्द दोघांच्याही गळ्यात येतात. या जोडीचा करार सोळा किलोमीटरांचा होता. तिथपर्यंत खांद्याला खांदा, पुढे ज्याचा तो.

डिसेंबरच्या शर्यतीची तयारी सप्टेंबरमध्ये सुरू करावी लागते, कारण बारा आठवडे ही कमीत कमी मुदत मानली जाते. शहराच्या हवेची तीन रूपे या मुदतीत भेटतात. सप्टेंबरमध्ये पावसाची ओल आणि घाम. ऑक्टोबरमध्ये आठ वाजताच चटका. नोव्हेंबरच्या मध्यापासून कोरडी थंडी. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला अनवाणी जाणाऱ्यांनी छावणीकडचा रस्ता भल्या पहाटेच भरून जातो, आणि त्या दिवसांत धावणाऱ्यांना अंधाराची काळजी उरत नाही. दिवाळीत मात्र फराळ आणि पाहुणे यांपुढे कोणतेही वेळापत्रक टिकत नाही. तो आठवडा आधीच हलका धरलेला बरा.

जमिनीच्या बाबतीत शहर उदार आहे. ते समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे आणि उत्तरेला डोंगराची रांग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर याच रांगेच्या पायथ्याशी पसरलेला. दाराशी धावायला सुरुवात केली की डोंगरातल्या लेण्यांच्या दिशेने चढ लागतो, परतताना उतार मिळतो. झाडी आहे, वाहने कमी आहेत. मागची गोगाबाबा टेकडी खडकाळ. तिच्या मुरमाच्या वाटेवर धावण्यापेक्षा भराभर चढून जाणे बरे. घोटे मजबूत होतात आणि पोटऱ्यांना चढाची सवय लागते. बीबी का मकबऱ्याची बाजू दिसायला सुंदर असली तरी सातनंतर तिथे गर्दी वाढते. दिल्ली दरवाज्याजवळचे सलीम अली सरोवर, एमजीएम शिक्षणसंस्थेचा परिसर आणि क्रीडा संकुल ही आणखी काही ठिकाणे. रविवारचा लांब पल्ला सपाट हवा असेल तर बहुतेक जण शहरातल्याच सातारा परिसराकडे किंवा बीड बायपासकडे वळतात, पण तिथे अवजड वाहनांचा धूर सोसावा लागतो.

आठवड्यातून तीन-चार दिवस धावणे, त्यांतला एक दिवस लांब पल्ल्याचा, आणि तो पल्ला हळूहळू वाढवत सोळा-अठरा किलोमीटरांपर्यंत नेणे, एवढी तयारी पहिल्या एकवीससाठी पुरते. शर्यतीआधीचे दोन आठवडे अंतर कमी करायचे असते. जोडीतल्या वेगवान माणसाला हाच काळ सर्वांत कठीण जातो, कारण पायांत जोर असतो आणि तो वापरायची मनाई असते. लांब पल्ल्याच्या दिवशी गप्पांचे विषय पहिल्या तासात संपतात. नंतर दोघे एकमेकांच्या पावलांचा आवाज ऐकत धावतात, आणि कुणाचा पाय घासतोय हे न बघता कळू लागते. ही ओळख शर्यतीत उपयोगी पडते.

शर्यतीच्या दिवशी सूर्य सातच्या आसपास उगवतो. एकवीसची सुरुवात त्याच्या आधीच होते. संकुलात तोपर्यंत ढोल-ताशा, झुंबाचे व्यासपीठ आणि शौचालयापुढची रांग यांचा मेळ जमलेला असतो. रांगेत जाणाऱ्याची पिशवी सांभाळण्याचे काम सोबत्याकडे येते. छातीवरच्या बिबच्या मागे चिप चिकटवलेली असते. सुरुवातीच्या रेषेवरच्या पट्टीवर पाय पडला की तिची वेळ सुरू होते, म्हणून गर्दीत मागे राहिल्याने काहीही बिघडत नाही. तरीही पहिल्या किलोमीटरला घोळक्याचा लोंढा सगळ्यांनाच ओढून नेतो. इथे सोबत्याचा खरा उपयोग होतो. मित्राने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून दोनदा हात खाली दाबल्याची खूण केली; शेजारून कॉलेजची पोरे सुसाट निघून गेली, त्यांतली काही पुढे सातव्या किलोमीटरवर चालताना भेटली.

या शहरात एकवीस किलोमीटरचा मार्ग जालना रस्ता टाळून आखणे अवघड आहे. एरवी रिक्षा, दुचाकी आणि सिटी बस यांनी तुंबलेला हा रस्ता एका सकाळी मोकळा मिळतो, हे शर्यतीचे निम्मे आकर्षण. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल इथले उड्डाणपूल गाडीतून जाताना चढ म्हणून जाणवतही नाहीत. धावणाऱ्याला मात्र तेच घाट वाटतात. चढावर वेग न टिकवता श्वास तेवढाच ठेवायचा, पावले आखूड टाकायची, आणि उतारावर गुडघ्यांवर आदळत सुटायचे नाही, हा साधा नियम. जोडीत तो पाळणे सोपे जाते, कारण एक जण विसरला तर दुसऱ्याला आठवतो.

पाण्याच्या ठिकाणी दोघांनी एकदम थांबू नये. एकाने दोन पेले उचलावेत, दुसऱ्याने वेग न मोडता पुढे जावे. तहान लागेल तेवढेच पाणी प्यावे. दोन-अडीच तास लावणाऱ्याने प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी प्यायले तर रक्तातले सोडियम पातळ होण्याचा धोका असतो, म्हणून मधूनमधून ओआरएस बरे. स्नायू आणि यकृत यांत साठलेली साखर साधारण दीड-दोन तासांच्या जोरकस धावण्याला पुरते. अडीच तासांच्या धावपटूला वाटेत काहीतरी गोड लागतेच. जेलची पाकिटे मिळतात. बिया काढलेले खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की हेही चालते, फक्त चिक्की दम लागलेला असताना चावणे हे वेगळे कौशल्य आहे. जे खायचे ते सरावात खाऊन पाहिलेले असावे.

बाहेरच्या माणसाने शेजारून स्कूटर चालवत बाटली पुरवणे किंवा वेग धरून देणे हे अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत बसत नाही. त्याच शर्यतीतल्या दोघांनी एकमेकांना वेग धरून देण्यास मात्र कसलीही आडकाठी नाही. आपल्याकडे घरची माणसे कौतुकाने स्कूटर काढतात आणि मागच्या धावपटूंना धूर देतात. हे टाळता येण्याजोगे आहे.

पंधरा ते अठरा किलोमीटर हा शर्यतीचा खरा गाभा. ऊन वर आलेले असते, रस्त्याकडेची लेझीम पथके मागे पडलेली असतात, आणि मांड्यांत गोळे येऊ लागतात. या टप्प्यावर संथ सोबत्याच्या तोंडून एक ठरलेले वाक्य निघते, ते लेखकाच्याही निघाले: “तू हो पुढे, मी येतो.” मित्राने नुसते “गप धाव” म्हटले. सोळाचा फलक गेला तरी तो हलला नाही. पुढच्या टेबलावर त्याने ओआरएसचा पेला हातात दिला, श्वास ऐकला, आणि अठराव्याच्या अलीकडे हात उंचावून निघून गेला. करार मोडला नव्हता, थोडा लांबवला होता. त्याला जाऊ देणे हेही सोबतीतच येते. दाबून ठेवलेला जोर कुठेच वापरता आला नाही तर वेगवान माणूस पुढच्या वर्षी दुसरा जोडीदार शोधतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

हातात हात घालून अंतिम रेषा ओलांडणाऱ्या जोड्यांची छायाचित्रे चांगली येतात. मागून जोर लावून येणाऱ्याची वाट त्या अडवतात हे छायाचित्रात दिसत नाही. ही जोडी काही मिनिटांच्या अंतराने पोचली. लेखक ठरलेल्या वेळेच्या आसपास आला, तेव्हा मित्र पदक गळ्यात घालून केळे सोलत उभा होता आणि चालत राहा, बसू नकोस असे ओरडत होता. सल्ला बरोबर होता. एकदम बसल्यास पायांत रक्त साचून चक्कर येऊ शकते, म्हणून दहा-पंधरा मिनिटे चालावे, मग पाणी, मीठ आणि अन्न घ्यावे.

घड्याळात अंतर २१.३ किंवा २१.४ किलोमीटर दिसले म्हणून आयोजकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला लावलेल्या मोजणीयंत्राने सर्वांत आखूड रेषेवरून मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजाराला एक या प्रमाणात, म्हणजे एकवीस मीटर, जास्तच धरतात. धावणारा वळणावर बाहेरून जातो, गर्दीतून नागमोडी वाट काढतो. उपग्रहाच्या मोजणीतही चूक असते.

दुसऱ्या दिवशी मांड्या सर्वाधिक दुखतात त्या जिना उतरताना, कारण उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. दोन-तीन दिवसांत ही वेदना ओसरते. आठवडाभर चालणे किंवा सायकल, मग हलके धावणे, असा क्रम ठेवतात. सांध्यात एकाच जागी टोचणारी वेदना आठवड्यानंतरही राहिली तर ती थकव्याची नसते आणि डॉक्टरांना दाखवावी लागते. जोडीतला एक जण आधी बरा होतो आणि लगेच पुढच्या शर्यतीची नोंदणी करायला सांगतो. नोंदणी सहसा काही महिने आधी सुरू होते आणि लवकर नाव घालणाऱ्याला शुल्क कमी पडते.