कृष्णाकाठाने उगमाकडे

नेपाळात खुंबूच्या वाटेवर गावोगावी चहाची घरे आहेत. तंबू न वाहता माणूस दिवसचे दिवस चालू शकतो. वाईहून कृष्णाकाठाने क्षेत्र महाबळेश्वरापर्यंत आपणही तसेच का जाऊ नये, असे आम्हां चौघांच्या मनात आले. दिवाळीच्या सुटीतले तीन दिवस ठरले. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, धोमचा नरसिंह, वासोळ्याकडून कमळगड व तिथली कावेची विहीर, नांदगणे, जोर, आणि शेवटचा उभा चढ.

इकडे चहाघरे कुठली! मारुतीच्या देवळाची ओसरी आणि कुणाची तरी चूल. भाकरीचे पैसे देऊ केले तर घरधनीण रागावणार. न द्यावे तर घास उतरणार नाही. म्हणून पीठ, गूळ, चहापूड असा शिधा बरोबर घ्यायचे ठरले.

वाट विचारायला मित्राच्या आजींकडे गेलो. धोमच्या वरचे त्यांचे गाव धरणात गेले. त्या म्हणाल्या, "दिवाळीत निस्तं पाणी दिसंल. चैतात या, पाणी उतरल्यावर जोती दिसत्यात."

त्याच धरणाच्या कालव्यावर आमचा ऊस उभा आहे. लहानपणापासून कालव्यात डुंबलो. ते पाणी कुणाच्या उंबऱ्यावरून आले, हे कधी विचारले नव्हते.

सहल आता चैत्रात निघेल. ऊन सोसावे लागेल. आजी एस. टी.ने धोमपर्यंत येणार आहेत; आपले जोते आम्हांला दाखवणार आहेत. पुढची वाट त्यानंतर.